खापरपणजीचे गाठोडे सोडताना: एकोणिसाव्या शतकातल्या घरच्या बाईचे कागद कसे लावावेत आणि कसे वाचावेत

जुने घर विकायचे ठरले की माळ्यावरून एखादी पत्र्याची पेटी खाली येते. आमच्याकडे ती सातारा जिल्ह्यातल्या घरातून आली. आत लाल खारव्यात बांधलेले गाठोडे होते आणि त्यात शेदोनशे मोडी कागद. घरातल्या जाणत्यांनी सांगितले, "जमिनीचे कागद असतील, वकिलाला दाखव." मी दाखवले. वकिलांनी सात-आठ कागद बाजूला काढले आणि उरलेल्यांना "घरगुती आहेत, कामाचे नाहीत" म्हणून परत केले.

त्या परत आलेल्या ढिगात माझी खापरपणजी होती. तिच्या लग्नाची याद, दागिन्यांच्या याद्या, बाळंतपणाचे सामान, भावाची पत्रे, गहाणवटीची एक चिठी. हे उलगडायला मला तीन वर्षे लागली. त्यातले निम्मे दिवस कुठून सुरुवात करावी हे न कळल्याने गेले आणि काही चुका अशा झाल्या की त्या आता दुरुस्त होणार नाहीत. तुमच्या घरी असे गाठोडे असेल तर तुमचे ते दिवस वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

जवळ काय हवे

मऊ केसांचा रुंद ब्रश (रंगकामाचा नवा कोरा चालतो), पेन्सिल, आम्लविरहित कागदाचे फोल्डर किंवा पाकिटे, चांगला कॅमेरा असलेला फोन, फोटोत ठेवायला मोजपट्टी, भिंग, जाड वही, शके आणि संवत्सरांची (साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षांच्या नावांची) यादी, मोडी बाराखडीचा तक्ता. आणि घरातली एक तरी वयस्क बाई, जिला नाती तोंडपाठ आहेत. हिला पहिल्याच दिवशी गाठा. कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत.

१. गाठ सोडण्याआधी फोटो काढा

गाठोडे बांधलेले असतानाच चारी बाजूंनी फोटो घ्या. मग सोडा, आणि प्रत्येक जुडी उचलण्याआधी पुन्हा फोटो. कोणता कागद कोणत्या कागदात दुमडून ठेवला होता, कशाला कोणता दोरा होता, हे सगळे पुरावेच आहेत. दप्तरखान्यात कापडात बांधलेल्या अशा गठ्ठ्याला रुमाल म्हणतात आणि तिथे रुमालातला क्रम मोडत नाहीत, त्याचे कारण हेच.

मी पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात सगळे कागद चादरीवर पसरले आणि आकारानुसार लावले. पत्र कोणत्या यादीत गुंडाळलेले होते हे त्या दुपारी कायमचे गेले.

२. हात लावताना

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. मोजे नकोत, मोज्यातून कागदाची कड जाणवत नाही आणि फाटते. घडी कडक असेल तर ओढू नका, थोडी उघडून सपाट पृष्ठभागावर तशीच राहू द्या. पावसाळी हवेत कागद सैल होतो, दोन दिवसांत घडी आपोआप मोकळी होते. धूळ ब्रशने, मधून कडेकडे.

ओले फडके चुकूनही लावू नका. काजळ आणि डिंकाची शाई पाण्याने सुटते. हिराकशीची शाई उलट कागदात मुरते आणि वर्षानुवर्षे तो खात राहते; असे कागद अक्षरांच्या रेषेवरच तुटतात, म्हणून ते उचलताना खाली पुठ्ठा सरकवा. सेलोटेप, लॅमिनेशन, फेव्हिकॉल हे तिन्ही वर्ज्य. डांबराच्या गोळ्या कागदात ठेवू नका. कसर किंवा वाळवी दिसली तर ती जुडी बाकीच्यांपासून त्याच दिवशी वेगळी करा.

प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो हवेत, खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. पाठ कोरी दिसली तरी घ्या. पाठीवर बहुधा पत्ता किंवा पोचल्याची नोंद असते, आणि पुष्कळदा त्याच कागदावर नंतर कुणीतरी केलेला घरखर्चाचा हिशेब असतो. क्रमांक पाकिटावर घाला, कागदावर नको.

३. बाईचे कागद ओळखा

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. आपण "तिच्या नावाचे" कागद शोधतो आणि तसे दोन-तीनच सापडतात. तिचे आयुष्य पुरुषांच्या नावाने बांधलेल्या जुड्यांत पसरलेले असते. म्हणून पुढचे प्रकार दिसले की वेगळे पाकीट करा.

लग्नाची, मुंजीची, बारशाची याद. आहेराची यादी. दागिन्यांची यादी. भांड्यांची मोजदाद. बाळंतपणाचे सामान: डिंक, सुंठ, खारीक, खोबरे, आळीव, बाळंतशेपा, आणि सुईणीला दिलेले लुगडे-खण. वाणसामानाची चिठी. व्रताच्या उद्यापनाचा खर्च, सवाष्णींची नावे. श्राद्धाच्या तिथी. वाटणीपत्र, दत्तकपत्र, विधवेच्या अन्नवस्त्राची कागदपत्रे. पत्रिका. पत्रे.

नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या रोजकीर्दीवरही, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीवरही, नजर ठेवा. तिथे तिचे नाव सहसा नसते. "घरात दिले", "घरखर्चास", "माजघरात" असे शब्द येतात. आमच्या कीर्दीत वर्षभरात "घरात" हा शब्द जितक्यांदा आला, तितक्यांदा मी तो वेगळ्या वहीत उतरवून घेतला. ती वही वाचताना तिचे वर्ष दिसू लागले: आषाढाआधी मीठ आणि तेल, श्रावणात खण आणि विड्याची पाने, पौषात तीळ.

४. मोडी किती शिकायची

पूर्ण पंडित व्हायची गरज नाही. घरगुती कागदांत शब्द तेच ते येतात, त्यामुळे याद्यांपासून सुरुवात केली तर हुरूप टिकतो. पुराभिलेख संचालनालय वेळोवेळी मोडीचे वर्ग घेते, पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांतही मोडी वाचणारी माणसे भेटतात. मला रोज अर्धा तास देऊन याद्या वाचायला चार महिने लागले, पत्रे वाचायला वर्ष.

तीन गोष्टी सुरुवातीलाच लक्षात ठेवा. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून मग तिला अक्षरे लटकवतात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि विरामचिन्हे नसतात. ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, अनुस्वार बिनदिक्कत गाळतात. आणि वर्गात बहुधा पेशवेकालीन वळणदार मोडी शिकवतात, ती बोरूची असते. आपल्या घरच्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कागदांवर धातूच्या निबाचा टाक आलेला असतो, अक्षर बारीक, तिरके आणि घाईचे. वर्गात उत्तम वाचता येते आणि घरी अडते, त्याचे कारण हे. खचू नका. एका लेखनिकाचे पाच-सहा कागद निवडा आणि त्याचे अक्षर पक्के करा. गावात लिहिणारे दोन-चारच असत, त्यामुळे तोच हात पुन्हा पुन्हा भेटतो.

लघुरूपांची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ती. म्हणजे तीर्थरूप, चि. चिरंजीव, रा. रा. राजमान्य राजश्री, शि. सा. न. शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि. विनंती विशेष, मु. मुक्काम, ता. क. ताजा कलम.

५. तिची नावे आणि तिची खूण

नाव एक धरून चाललात तर चुकाल. पुष्कळ घरांत लग्नात नाव बदलत. म्हणजे पत्रिकेत जन्मनाव एक, माहेरी हाकेचे नाव दुसरे, सासरी तिसरे. भावाच्या पत्रात "गोदा" आणि सासरच्या यादीत "लक्ष्मी" दिसली तर त्या दोन बायका आहेत असे लगेच मानू नका. शिवाय घरातली मुले तिला माई, काकी, वहिनी असे काहीतरी म्हणत आणि तेच कागदावर उतरे. वयस्क आत्या इथे उपयोगी पडतात.

नावाआधीचे अक्षर मात्र सोन्यासारखे असते. सौ. असेल तर नवरा हयात. गं. भा., म्हणजे गंगाभागीरथी, असेल तर ती विधवा झालेली. कागदावर तारीख नसली तरी त्यावरून आधीचा की नंतरचा हे ठरते. माझ्या गाठोड्यात शके १८१२ पर्यंत ती सौ. आहे, त्यानंतरच्या पहिल्याच कागदावर गं. भा. आहे. मधल्या काळातले एकही पत्र नाही. मृत्यूची वार्ता आणणारे पत्र वाचून फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही, अशी चाल होती. म्हणून सर्वात मोठी दुःखे पत्रांच्या जुडीत सापडत नाहीत. ती या एका अक्षराच्या बदलात सापडतात.

आता सही. पुण्यात मुलींची शाळा १८४८ साली निघाली, पण खेड्यातल्या बहुसंख्य घरांत पुढची कित्येक वर्षे बाईच्या हाती लेखणी आली नाही. कागदावर तिची संमती लागली तर लिहिणारा दुसरा असे आणि ती निशाणी करी. शेतकऱ्याची निशाणी नांगर, बाईची निशाणी बांगडी. कागदाच्या शेवटी "निशाणी बांगडी" असे शब्द आणि शेजारी लहानसे वर्तुळ दिसले तर थांबा. वरचा सगळा मजकूर लेखनिकाचा, "दस्तुर" या शब्दापुढे त्याचे नाव. ते वर्तुळ तेवढे तिच्या हातचे असू शकते.

आमच्या गहाणचिठीवर ते आहे. वाटाण्याएवढे. डावीकडे जिथे टाक पहिल्यांदा टेकला तिथे शाईचा ठिपका जाड झाला आहे, मग रेघ वर जाते, उजवीकडे थरथरते आणि खाली येऊन मिळायच्या आधीच थांबते. बांगडी पूर्ण झालेली नाही. भिंगाखाली मी ती खूप वेळ पाहिली. आमच्या घरात तिचा फोटो नाही, तिचा आवाज ऐकलेले कुणी नाही. हे एवढे आहे.

६. तारीख लावा

कागदावर शके, संवत्सर, महिना, पक्ष आणि तिथी असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन. पण शक चैत्रात बदलतो, त्यामुळे पौष अर्ध्यावर आल्यानंतर फाल्गुनापर्यंतच्या कागदाला ७९ मिळवा. शके १७९८ चा कार्तिक १८७६ मध्ये येतो आणि त्याच शकातला माघ १८७७ मध्ये.

आकडा फाटला किंवा पुसला असेल तर संवत्सर कामाला येते. ताळा असा: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तितकावा संवत्सर. शके १७९८ अधिक १२ म्हणजे १८१०, साठाने भागून बाकी १०, आणि दहावा संवत्सर धाता. बाकी शून्य आली तर साठावा, म्हणजे क्षय. आमच्या खापरपणजीच्या लग्नाच्या यादीवर शकाचा शेवटचा आकडा कसरीने खाल्ला होता, "क्षयनाम संवत्सरे वैशाख शुद्ध" एवढे शाबूत होते. त्यावरून शके १७८८, म्हणजे १८६६ चा उन्हाळा, हे लागले. पत्रिकेत तिचा जन्म शके १७७९, पिंगल संवत्सर. लग्नात ती नऊ वर्षांची होती.

आपले महिने अमावास्येला संपतात, म्हणून कार्तिक वद्य हा कार्तिक शुद्धाच्या नंतर येतो. उत्तरेतले पंचांग वापरणारे तक्ते घेतलेत तर वद्य पक्षात एक महिन्याची चूक होते. शेतसाऱ्याच्या पावतीवर फसली सन असेल तर आपल्याकडच्या कागदांना ५९० मिळवा. पत्रिकेतल्या घटिका सूर्योदयापासून मोजलेल्या असतात, एक घटी २४ मिनिटांची.

तारीखच नसेल तर वस्तू बोलतात. पोस्टकार्ड असेल तर ते १८७९ च्या आधीचे असूच शकत नाही, कारण पाव आण्याचे कार्ड त्या वर्षी सुरू झाले. टपालाच्या शिक्क्यावर इंग्रजी तारीख मिळते, भिंगाने पाहा. स्टँपच्या कागदावर मागे विकल्याची तारीख असते. ती आणि आतल्या मजकुराची तारीख यांत अंतर असेल तर त्याचीही नोंद करा.

मोठी पोकळी दिसली तर घाबरू नका. पुणे आणि नगर जिल्ह्यांत १८७५ च्या दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते जाळली. पुण्यात १८९७ च्या प्लेगात घरे रिकामी झाली, झडत्या झाल्या, सामान जाळले गेले. त्या वर्षांतले कागद नसणे हीसुद्धा त्या घराची हकिगत आहे.

७. पैसे आणि मापे

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयात ६४ पैसे आणि १९२ पै. अपूर्णांक दंडांनी दाखवतात: । म्हणजे पाव, ॥ अर्धा, ॥। पाऊण. आडव्या रेघा आण्यांच्या, एक रेघ एक आणा, तीन रेघा तीन आणे. मी सुरुवातीला "५॥" हा आकडा पाचशे अकरा वाचला. तो होता साडेपाच. एका आहेराच्या यादीवरून मी नातेवाइकांना मोठ्या श्रीमंतीची बातमी दिली होती, ती मला घरोघर फोन करून परत घ्यावी लागली. दंड आणि एकाचा आकडा यांतला फरक आधी तुमच्या लेखनिकाच्या अक्षरात पक्का करा.

१८३५ च्या आधीच्या किंवा त्या सुमारच्या कागदांत अंकुशी, चांदवडी असे रुपयांचे प्रकार येतात. त्यांची किंमत एकसारखी नव्हती, बेरीज करताना सरसकट धरू नका.

सोने तोळा, मासा, गुंजेत: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सराफ आज बोलताना तोळा दहा ग्रॅमचा धरतात, जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. धान्याचे माप शेर, पायली, मण, खंडी. चार शेरांची पायली सगळीकडे सापडते, पण शेर गावागावाला वेगळा होता. किलोत रूपांतर करायचा मोह टाळा. तुलना करायची तर त्याच घरच्या दोन याद्यांची करा. कापड हातांत मोजत, अठरा हात लुगडे म्हणजे नऊ वार.

८. याद्या शेजारी शेजारी मांडा

आता खरे काम. एकटी यादी मुकी असते. एकाच बाईच्या दोन-तीन याद्या काळाच्या क्रमाने मांडल्या की त्या बोलतात.

माझ्याकडे तीन कागद होते. पहिला लग्नाच्या वेळचा, शके १७८८. त्यात माहेरकडून आणि सासरकडून असे दोन भाग वेगळे लिहिले आहेत. तुमच्याही यादीत हे भाग असतील तर ते उतरवताना एकत्र करू नका. माहेरचे ते तिचे स्त्रीधन, आणि पुढे कोणत्या बाजूचे आधी मोडले गेले यावरून बरेच कळते. माहेरच्या भागात नथ, ठुशी, पाटल्यांचा जोड, पुतळ्यांची माळ, चांदीचे वाळे. पाटल्यांपुढे "लहान" असा शब्द आहे. नऊ वर्षांच्या मनगटाच्या त्या.

तिसरा कागद शके १८०१ चा, दिरांची वाटणी झाली तेव्हाचा. त्यात पाटल्या आहेत, "लहान" हा शब्द गेला आहे आणि वजन वाढले आहे, म्हणजे त्या मोडून भर घालून पुन्हा घडवल्या. नथ आहे. पुतळ्यांची माळ नाही.

वर्षभर मी असे समजत होते की माळ नणंदेच्या लग्नात घातली. घरात तशी आठवणही सांगत. मग दुसरा कागद वाचता आला. तो चिठीएवढाच, वाणसामानाच्या जुडीत चुकून गेलेला. शके १७९८, धातानाम संवत्सरे, कार्तिक वद्य ५. म्हणजे १८७६ च्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा. त्या वर्षी दख्खनात पाऊस गेला होता आणि पुढची दोन वर्षे चाललेला मोठा दुष्काळ नुकता सुरू झाला होता. चिठीत पुतळ्या गहाण ठेवल्याचे आहे आणि शेवटी ती अर्धी राहिलेली बांगडी. त्याच जुडीत, त्याच महिन्यात, जोंधळे विकत घेतल्याची नोंद. ज्या घराच्या शेतात जोंधळा पिकत होता त्या घराने जोंधळा विकत घेतला. तिचे वय तेव्हा एकोणीस.

यावरून शिकलेले तीन नियम. दागिना यादीतून नाहीसा झाला की लगेच कारण ठरवू नका, त्याच सुमाराचे वाणसामान आणि धान्याचे कागद काढा. घरातली आठवण लिहून घ्या, पण तिला कागदाशी ताडून पाहा. आणि गहाणाच्या चिठीबरोबर सोडवल्याची पावती शोधा. ती नसेल तर "सुटल्याचा कागद नाही" एवढेच लिहा, "बुडाल्या" असे लिहू नका.

घर शेतकऱ्याचे असेल तर १८७९ नंतरची कर्जखते वेगळी पाहा. त्या वर्षी झालेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत अशी खते गावच्या रजिस्ट्रारपुढे करावी लागत, त्यामुळे मजकूर जास्त तपशिलाचा असतो.

९. पत्रे

पत्राची सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो. "येथील क्षेम जाणोन स्वकीय कुशल लिहीत असावे" हे घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असतानाही लिहीत. त्यावरून सगळे खुशाल होते असे समजू नका. खरी बातमी "विशेष" या शब्दानंतर सुरू होते, आणि सर्वात खरी ता. क. मध्ये किंवा समासात आडवी लिहिलेली. कागद फिरवून पाहा. कोपऱ्याला कुंकवाचा डाग असेल तर मंगलकार्याचे पत्र. तो डाग पुसू नका.

बाईचे पत्र दुसऱ्याने लिहिलेले असते, हे वाचताना सतत मनाशी ठेवा. तिने सांगितले, दिराने किंवा भटजींनी लिहिले. सासरच्या माणसासमोर ती काय सांगू शकत होती? जिथे लेखनिकाची भाषा अचानक सुटते आणि बोलण्यासारखे वाक्य येते, तिथे खूण करा. आमच्या एका पत्रात तीन ओळी औपचारिक आणि मग एकदम "ताक करायला रवी नीट नाही, येताना आणावी". ही ती आहे.

स्वतः लिहिणाऱ्या बायकांची पत्रे वाचलीत तर कान तयार होतो. सावित्रीबाई फुल्यांनी १८७७ च्या एप्रिलमध्ये जुन्नर भागातल्या ओतूरहून जोतिरावांना लिहिलेले पत्र याच दुष्काळातले आहे. ते वाचल्यावर माझ्या कार्तिक वद्य पंचमीच्या चिठीभोवतीचे गाव मला दिसले.

१०. कागदाबाहेर बघा

स्वयंपाकघरातली जुनी तांब्या-पितळेची भांडी उलटी करा. काठावर, बुडाशी नाव कोरलेले असते, कधी कुणी कुणाला दिले तेही. चिंचेने घासून पितळ लखलखीत करण्याआधी फोटो काढा, घासून घासूनच ती अक्षरे गेली आहेत. पोथ्यांच्या पानांत चिठ्ठ्या असतात.

घरचे श्राद्धपक्ष विचारा. बाईची तिथी माहीत असते, वर्ष माहीत नसते, पण एक गोष्ट नक्की कळते: तिच्या नावाने भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमीला, पान वाढत असतील तर ती सवाष्ण गेली. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याची नामावळी मिळू शकते. कुलवृत्तांत असेल तर तोही पाहा, मात्र जुन्या कुलवृत्तांतांत सुनांचे माहेर आणि लेकींचे सासर पुष्कळदा गाळलेले असते.

११. तिच्या माहेरी जा

हे मला फार उशिरा सुचले. तुमच्या पेटीत आहेत ती तिला आलेली पत्रे. तिने पाठवलेली पत्रे तिच्या माहेरी गेली आणि पुढे लेकींच्या सासरी. लग्नाच्या यादीत माहेरचे गाव आणि आडनाव असते. तिथून आजचे घर शोधा.

जाताना तुमच्याकडच्या कागदांच्या प्रती घेऊन जा. रिकाम्या हाताने "जुने कागद दाखवा" म्हटले की लोकांना जमिनीची शंका येते. त्यांच्या घरच्या मुलीची लग्नाची यादी पुढे ठेवली की ती शंका राहत नाही. मूळ कागद मागू नका, तिथेच फोटो काढा, आणि देवघरातल्या पोथ्या उघडू द्याल का हे आवर्जून विचारा.

मला त्या घरात पोथीच्या पानांत एकच पत्र मिळाले. गं. भा. झाल्यानंतरचे, कुणा मुलाच्या हस्ताक्षरात, बालबोधीत, म्हणजे देवनागरीत. भावाला कळवले आहे की धाकटीचे बाळंतपण येथेच करायचे आहे, तरी आळीव आणि खारीक पाठवावी, आणि समासात, की यंदा हळद चांगली आली आहे, गाडी येईल तेव्हा दोन पायल्या घालते. मी दोन्ही बाजूंचे फोटो काढले, पत्र होते त्याच पानात परत ठेवले आणि लग्नाच्या यादीची प्रत त्यांच्याकडे ठेवून आले.